हिरू नाखव्याची साक्ष

मंडळी, ऐका! प्रश्न सोपा आहे, उत्तराची घाई करू नका. खरी गोष्ट सिद्ध करायला एक छोटंसं खोटं बोललं, तर चालतं का?

कोण तो मान हलवतोय? थांबा हो – आधी आख्यान ऐका!

खारबंदर नावाचं गाव, खाडीच्या तोंडाशी. गावात नमाजाला येणारे पुरुष एकशे अडतीस. त्या संध्याकाळी एकशे सदतीस मशिदीच्या अंगणात, एक दर्यात. अंगणात डोळे किती? दोनशे चौऱ्याहत्तर म्हणाल. चूक! दोनशे त्र्याहत्तर – उस्मान पारकराचा एक डोळा गेलेला होता. ही मोजणी बुरहान काझीची. रांगा मोजायची त्याला सवयच होती.

आणि सगळे डोळे पश्चिमेला! रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटलेला. चांद दिसला तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा. आणि आभाळात ढग – बोटभर फट नाही!

काझीचा जीव मात्र ढगापेक्षा मुलात. जैनुद्दीन जहाजावर खलाशी, सुट्टीवर आलेला; मोजणीत तोही होता. नऊ वर्षांत बापलेकांनी एकही ईद एकत्र केली नव्हती. उद्या अकराला त्याची आगबोट. ईद उद्या असली, तर सकाळी शेजारी उभं राहून नमाज, गळाभेट, मग बंदर. घरात आईनं शिरखुर्म्याचं दूध चुलीवर चढवलेलंसुद्धा!

तेवढ्यात होडी लागली. दाऊद मुकादम ओरडत आला, ''दिसला! बाहेर दर्यात ढग फाटला होता, काझीसाहेब. नखाएवढा चांद! मी पाहिला, हिरूनंही पाहिला!''

गलका झाला! पण काझीनं ईद जाहीर केली नाही. का? ढगाळ आभाळ असलं की ईदेला दोन साक्षी लागतात, आणि दोघेही रोजा धरणाऱ्यांतले. दाऊद एक. दुसरा हिरू नाखवा, त्याच होडीतून मागोमाग आलेला – जातीचा कोळी, एकवीरेचा भक्त. साक्ष कशी धरायची?

हसू नका! आपल्याकडे एकादशी दोन दिवशी येते, तेव्हा आपण किती भांडतो, ठाऊक आहे मला.

उस्मान पुढे झाला. ''अहो, सोपं आहे! हिरूला कलमा म्हणायला सांगा. झाला मुसलमान, झाली साक्ष पुरी! उद्यापरवा गेला परत आईच्या डोंगरावर, तर कोण बघतंय?''

''तुझा एकच डोळा आहे, उस्मान,'' काझी म्हणाला, ''म्हणून तुला कोण बघतंय ते दिसत नाही.''

पण हिरूच म्हणाला, ''म्हणतो की, काझीबावा! चार शब्दांनी माझं काय जातंय?''

बघा मंडळी! जबरदस्ती नाही, दमदाटी नाही. माणूस आपणहून तयार! काझीनं मुलाकडे पाहिलं. जैनुद्दीनची नजर बापावरून हलेना.

काझी ओट्यावरून उतरला. हिरूसमोर उभा राहिला.

''हिरू, जे म्हणशील ते तुला खरं वाटतं?''

''नाय वो. माझी आई डोंगरावर बसलीय. खोटं कशाला सांगू?''

''मग म्हणतोस कशासाठी?''

हिरूनं मान खाली घातली. ''पोरगा चाललाय तुमचा. मला काय दिसत नाय?''

काझी म्हणाला, ''चाळीस वर्षांत तू मला खोटं सांगितलं नाहीस. पहिलं खोटं माझ्या अल्लासमोर सांगणार, आणि तेही माझ्यासाठी? नको रे. इमान आतून उगवतं. माझ्या गरजेपायी तुझ्या तोंडून काढलं, तर ते तुझंही नाही आणि माझंही नाही. घरी जा. तुझ्या आईला माझा सलाम सांग.''

मग तो अंगणाकडे वळला. ''उद्या तिसावा रोजा!''

उस्मान पुटपुटला, ''दूध नासणार आता सगळ्या गावाचं!'' अंगण हळूहळू रिकामं झालं. जैनुद्दीन जवळ आला. ''बावा, उद्याचा रोजा मी बोटीवर सोडीन.'' एवढंच.

आता मघाशी मान हलवणाऱ्यांनो, इकडे बघा! हिरू 'हो' म्हणाला होता, तरी काझीनं त्या 'हो'च्या आत डोकावून पाहिलं. आपण पाहतो? परधर्मातून आलेली सून आपल्या देव्हाऱ्यापुढे हात जोडते. आपण खूश! पण कधी विचारलंत, ''बाई, मनापासून, की आमच्या भीतीनं?'' कामावरचा माणूस आपल्या आरतीला टाळ्या वाजवतो. भक्तीनं, की कामासाठी? विचारा एकदा. आणि उत्तर 'नाही' आलं, तर काझीसारखं तिच्या देवाला, त्याच्या देवाला नमस्कार सांगायची तयारी ठेवा!

दुसऱ्या दिवशी आगबोट अकराला सुटली. त्याच्या दुसऱ्या सकाळी ईद झाली. नमाजाआधी बुरहान काझीनं रांगा मोजल्या.

एकशे सदतीस.