व्यवस्थापकांच्या नोंदीतील दोन पत्नींबाबत

मी, डोळ्यांच्या दवाखान्यातील संगणक ऑपरेटर (तिथे सगळे मला डेटाताई म्हणतात), वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, राहणार दवाखान्यामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरची खोली, सोबत आई. बोलावल्यावरून पोलीस चौकीत हजर राहून सांगते की,

दवाखान्याच्या जुन्या नोंदी एक्सएमएल फायलींत होत्या. त्यांत प्रत्येक माहितीला स्वतःचा टॅग असतो व टॅगवर बारीक शेरा लिहिता येतो. सोमवारी व्यवस्थापकसाहेब म्हणाले, "हे सगळं जेसन करून नव्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये टाक. बुधवारपर्यंत." जेसन ही नोंदी लिहिण्याची नवी पद्धत; तीत टॅगवरच्या शेऱ्याला वेगळी जागा नसते. म्हणून रूपांतरात शेरे गळू शकतात, तपासायला आठवडा लागेल, असे मी सांगितले. ते म्हणाले, "तुझं प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच." मी शेरे राखून बुधवारी काम संपवले. तीन दिवस जेवणाची सुट्टी घेतली नाही.

काल गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास साहेबांच्या पत्नी चष्म्याचा नंबर तपासायला आल्या. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला सवलत असल्याने मी साहेबांची नोंद उघडली. 'पत्नी' या सदरात दोन नावे आली. त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "ही दुसरी कोण गं?"

मी म्हणाले, "वहिनी, पाणी आणू का?"

त्यांनी पाणी नको म्हटले.

साहेबांना बोलावले. "त्या बाईच्या टॅगवर 'घटस्फोटित' असा शेरा होता, तो हिने गाळला!" असे ते मोठ्याने म्हणाले व मला कामावरून काढल्याचे तिथेच जाहीर केले. रांगेत बावीस पेशंट होते. डोळ्यांत औषध घातलेले सोडून सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी मूळ फाइल उघडून दाखवली. पत्नीचे टॅग दोन होते. दोन्हींवर शेरा 'सध्याची' असा होता. जुना प्रोग्राम फक्त शेवटचा टॅग दाखवत असे. जेसनमध्ये एकाच नावाच्या दोन टॅगांची यादी होते आणि नवा प्रोग्राम यादी पूर्ण दाखवतो. हे मी समजावत असता साहेब "पुरे!" म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "नाही, सांगू दे तिला."

नोंदीत दुसऱ्या बाईंचा नंबर होता. वहिनींनी तो लावून "तुमचे मिस्टर कुठे आहेत?" असे विचारले. पलीकडचा आवाज मला ऐकू आला: "ते ना? गुरुवारी ते परगावी असतात."

अर्ध्या तासात त्या बाई आल्या. दोघी बाकावर बोलत बसल्या. मध्ये एकदा हसल्या. साहेब मागच्या जिन्याने गेले. मी नोंदीत फेरफार केल्याची तक्रार त्यांनी फोनवरून दिल्याचे मला इथे आल्यावर कळले.

दवाखान्याच्या मालक डॉक्टरबाईंनी मला उद्या कामावर बोलावले आहे.

फेरफाराबाबत विचारले असता सांगते की, साहेब असेपर्यंत मी कोणताही फेरफार केला नव्हता. ते गेल्यावर एक केला. दोघींनी समोर उभे राहून सांगितल्यावरून दोन्ही टॅगांवरील 'सध्याची' खोडून 'होती' असे लिहिले.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. गळलेले काही नाही.