तबकडीची खोड, तबकडीचा गुण

सरका पुढे, सरका. खांबाला टेकलेल्या मंडळींनी खांब सोडा थोडा, तो देवळाचा आहे, तुमच्याशिवायही उभा राहील. हां! आता एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको.

बैल विकायला काढलाय. दिसायला देखणा, पण नांगराला जुंपला की फतकल मारून बसतो. विकणाऱ्यानं ही खोड सांगावी की नाही? — सांगावी! बघा, सगळ्या माना डोलल्या. लपवली तर? — पाप! अगदी बरोबर. आता दुसरी बाजू. घेणाऱ्याला कळलंय की हा बैल लाखात एक आहे. विकणाऱ्या म्हातारीला ते ठाऊक नाही. मग घेणाऱ्यानं तो गुण सांगावा की नाही? — आता का हो माना थांबल्या?

मंडळी, आपण वर्षातून एकदा काहीतरी विकतो आणि घेतो मात्र रोज. वर्षातून एकदा लागणारा नियम तोंडपाठ, आणि रोजच्या कामाला नियमच नाही! आजचं आख्यान त्याचंच. ऐका.

देवळाली कॅम्पात सखाहरी बोराडे नावाचा गृहस्थ होता. मूळचा हेड्या, म्हणजे गुरांच्या बाजारातला दलाल. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचा. बैलाचा दात बघितला की वय सांगायचा, चाल बघितली की मालकाचं वयसुद्धा! पण शेतात ट्रॅक्टर आले, बाजार ओसरला, आणि एका खिलारी गोऱ्ह्यानं गुडघ्यावर अशी लाथ घातली की सखाहरी घरीच बसला.

बसून करणार काय? मेव्हण्याचं भंगाराचं दुकान होतं. तिथे कॅम्पातल्या बंगल्यांतून जुन्या रेकॉर्डी यायच्या. गाण्याच्या हो, त्या काळ्या तबकड्या. किलोवर जायच्या बिचाऱ्या! सखाहरीनं एक उचलली, उलटीपालटी केली, आणि म्हणाला की हे जनावरच आहे. मधलं भोक म्हणजे दात. भोकाभोवती ओरखडे दाट, तर म्हातारी तबकडी, पुष्कळ राबलेली. उजेडात तिरकी धरली की कातडी कळते. आणि शेवटी चालवून बघायची, म्हणजे वाजवून. झालं! मेव्हण्याच्या दुकानाशेजारी एक पत्र्याची टपरी टाकली आणि सखाहरी तबकड्यांचा दलाल झाला.

त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मधला गोल कागद असतो ना, त्याचा रंग आणि त्यावरचं चित्र लक्षात ठेवायचा. आणि त्याचा हात कशावर बसला म्हणाल? सोल नावाच्या गाण्यांवर! काकू, तुम्ही पायाकडे बघू नका, चपलेचा सोल नव्हे. सोल म्हणजे आत्मा. तिकडे अमेरिकेत काळ्या लोकांच्या चर्चमध्ये भजनं म्हणत वाढलेली पोरं पुढे बाहेर येऊन प्रेमाची गाणी म्हणायला लागली, पण आवाजातलं देऊळ काही गेलं नाही. त्याला म्हणतात सोल. त्या तबकड्यांना शौकीन वेडे. पुण्यामुंबईहून लोक यायचे, आणि म्हणायचे की बोराडे सांगेल तो भाव.

का? कारण विकताना हा माणूस खोड लपवत नसे. हिला तिसऱ्या गाण्यात खोकला येतो, ही कडेला जरा लंगडते, असं स्वतः सांगायचा. वर बाजारातला नियम लावायचा, की आठ दिवसांत न सांगितलेली खोड निघाली तर माल परत, पैसे परत. छातीवर हात ठेवून सांगायचा की आपण कधी कुणाला फसवलं नाही.

विकताना नाही फसवलं! पण घेताना? घेताना त्याच्यातला जुना हेड्या जागा व्हायचा. नाक मुरडायचं, मान हलवायची, "आता याला कोण विचारतंय" म्हणायचं. याला तो फसवणूक मानत नव्हता, धंद्याची रीत म्हणायचा. आपणही भाजीवालीच्या ताज्या मेथीला म्हणतोच की, "जून दिसतेय गं." तीच ती रीत!

तर एका संध्याकाळी रिक्षातून एक पत्र्याची ट्रंक उतरली. मागोमाग एस्तेरबाई साळवे. मिशनच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पांढरी साडी, हातात छत्री, वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा धाकटा भाऊ योना आगबोटीवर स्वयंपाकी होता. बंदराबंदरांतून रेकॉर्डी आणायचा. दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या कबरीवर लाकडी क्रूस होता, त्याला वाळवी लागली, आणि पावसाळ्यानंतर बाई गेल्या तर भावाची जागा कुठली तेच कळेना. शेजारच्या कबरीवरून अंदाज घ्यावा लागला. तेव्हा त्यांनी ठरवलं की दगड बसवायचा, पक्का, नावाचा. पाथरवटानं सांगितले चौदा हजार. बाईंनी पेन्शनीतून पाच साठवले होते, म्हणून ट्रंक काढली. हे सगळं त्यांनी सखाहरीला सरळ सांगितलं. गणिताच्या बाई, लपवाछपवी येते कुठे!

सखाहरी तबकड्या उलटू लागला. ख्रिस्ती भजनं, हिंदी सिनेमे, बरंचसं झिजलेलं. आणि तळाशी एक लहान तबकडी. जांभळा कागद, त्यावर पांढरं कबूतर.

मंडळी, त्यानं ती बघताक्षणी ओळखली. कारण पुण्याचे देवस्थळी नावाचे एक गिऱ्हाईक चार वर्षं त्याला या कबुतराचं चित्र दाखवत होते. अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातल्या कंपनीनं तीनशेच तबकड्या काढल्या, त्याही खपल्या नाहीत, कंपनी बुडाली. देवस्थळी म्हणाले होते की मिळाली तर साठ हजार देईन. साठ हजार! आणि ती इथे ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

सखाहरीनं काय केलं? ती तबकडी बाकीच्यांत सरकवली. नाक मुरडलं. म्हणाला, "बाई, जुना माल हाये. आता कोन विचारतंय याला. सगळ्याचे मिळून बावीसशे देतो."

बाईंनी मनात बेरीज केली. सात हजार दोनशे. म्हणजे दगड अर्धा, नाव तेवढं निघेल, तारखा नाहीत. हो म्हणाल्या. आणि सखाहरीनं सवयीनं आपलं पालुपद लावलं, की आठ दिवसांची मुदत आहे, विकणाऱ्यानं काही खोड सांगायची राहिली असेल तर सांगावी, नाहीतर माल परत येतो. बाईंनी मान हलवली, छत्री उचलली, गेल्या.

त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा सखाहरीनं माल न चालवता आत ठेवला. वाजवून बघितला नाही, उन्हात धरला नाही. घाई कसली? तर कुणी बघू नये! चोरून खाल्लेला लाडू चावत नाहीत हो, गिळतात. त्यानं देवस्थळींना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या बुधवारी येतो.

बुधवार उजाडला, म्हणजे सातवा दिवस. देवस्थळी टपरीत बसलेत, मांडीवर पांढरा रुमाल, त्यावर ती तबकडी. पैशांचं पाकीट बाहेर निघालंय. आणि दारात कोण? एस्तेरबाई! दोन बस बदलून आल्या होत्या. सखाहरीला वाटलं, कळलं हिला. कुणीतरी सांगितलं. आता भांडणार.

बाई स्टुलावर टेकल्या, श्वास घेतला, पिशवीतून शंभराची नोट काढून फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "बोराडेभाऊ, एक खोड सांगायची राहिली होती."

ऐकताय ना? भांडायला नव्हत्या आल्या! त्यांनी सांगितलं, की ट्रंकेत एक लहान तबकडी होती, कबुतराची. योनाची लाडकी. एकदा सुई उचलताना त्यांच्याच बांगडीचा ओरखडा तिला गेला. शेवटच्या कडव्यात गाणं एका जागी अडकतं. योना तीन दिवस बोलला नव्हता. ही खोड सांगायला त्या विसरल्या. म्हणाल्या, तुम्ही ती चांगली म्हणून कुणाला विकाल, ती परत येईल, तुमचं नाव जाईल. म्हणून हे शंभर परत घ्या.

देवस्थळींनी तबकडी उन्हात तिरकी धरली. होता ओरखडा! बारीक, केसाएवढा. त्यांनी पाकीट जरा आत घेतलं आणि म्हणाले, "मग तीस हजार, बोराडे. त्याच्यावर नाही."

बाईंनी ऐकलं. गणिताच्या बाई हो! शंभराच्या नोटेकडे बघितलं, तबकडीकडे बघितलं. मंडळी, मला विचाराल तर त्या दोन मिनिटांत सखाहरीला जी शिक्षा झाली ना, ती कुठल्या यमाच्या दप्तरात नसेल. अहो, ओरडल्या असत्या तर बरं! त्यांनी नुसतं समजून घेतलं.

आता सखाहरीला सुटायला वाट होती बरं का. बाजाराचा नियम त्याच्या बाजूनं होता. विकणाऱ्यानं खोड सांगावी एवढंच बाजार सांगतो, घेणाऱ्यानं गुण सांगावा हे कुठे लिहिलंय? सौदा पुरा, पैसे दिलेले. कुठला पंच त्याला दोषी धरणार? पण तो उठला. दुखऱ्या गुडघ्यावर उभा राहिला, देवस्थळींच्या मांडीवरची तबकडी उचलली आणि बाईंच्या ओंजळीत ठेवली.

म्हणाला, "बाई, तुमी खोड सांगाया दोन बशी बदलून आल्या. मला गुन त्याच दिवशी ठाऊक व्हता. मी गप बसलो. ह्यो सौदा मोडला."

बाई म्हणाल्या, "मग आता?"

"आता पयल्यापासून. मी गुन सांगतो, तुमी खोड सांगा."

आणि भर दुपारी देवळाली कॅम्पात उलटा बाजार भरला! घेणारा म्हणतोय, माल दुर्मीळ आहे. विकणारी म्हणतेय, पण अडकतो. घेणारा म्हणतोय, कागद कोरा करकरीत आहे. विकणारी म्हणतेय, पाठीमागं योनानं पेनानं नाव घातलंय, बघितलंत का? देवस्थळी आपले टेनिस बघावं तशी मान इकडून तिकडे करताहेत.

शेवटी तेच म्हणाले, एकदा वाजवा तरी. सखाहरीनं सुई ठेवली. गाणाऱ्या बाईचा आवाज, मागे टाळ्या, एक पेटीसारखं वाद्य. सखाहरीला भाषा कळत नव्हती, पण त्याचीही मान डोलू लागली. शेवटचं कडवं आलं आणि गाणं अडकलं. एकच शब्द, पुन्हा, पुन्हा. तेव्हा एस्तेरबाईंनी नकळत हात पुढे केला, करंगळीनं सुईला इतकासा टेकू दिला, आणि गाणं पुढे गेलं. भावासाठी वर्षानुवर्षं त्या हेच करायच्या. सवय होती हाताला. मग मात्र त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

गाणं संपलं. देवस्थळी खाकरले. आणि मंडळी, हा रोग संसर्गजन्य असतो! ते म्हणाले, "बोराडे, मीही गप्पच बसलो होतो. साठ हजार म्हणालो तेव्हा मला माहीत होतं, बाहेर ही सव्वा लाखाला जाते. अडकत असली तरी साठ द्यायलाच हवेत."

बघा! बाईंनी खोड सांगितली तेव्हा भाव निम्मा पडला. दोघांनी गुण सांगितला तेव्हा उठून उभा राहिला. एक ओवी सुचलीय, माझीच आहे, कच्ची आहे, गोड मानून घ्या:

*विकी तयाने दोष सांगावा। घेई तयाने गुण वाखाणावा।*
*मग जो उरे तो भाव बरवा। देवाचिये तराजूत॥*

सखाहरी लगेच संत झाला असं समजू नका हां! दलाली घेतलीच त्यानं, हक्काची. फक्त बाई म्हणत होत्या पाच हजार घ्या, आणि तो म्हणत होता बाराशे. जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःचाच भाव पाडला. आणि देवस्थळींनी साठांपैकी वीस पुढच्या महिन्यात दिले, तेही कुरकुरत. माणसंच ती.

नाताळाआधी योनाच्या कबरीवर काळा दगड बसला. नाव आलं, तारखा आल्या, आगबोटीचं चित्र आलं. खाली बाईंनी कोरून घेतलं, "हाताला चव होती." पाथरवटाला म्हणाल्या, त्याच्या खाली "फार लवकर रुसायचा" हेही घाल. तो म्हणाला, बाई, मेलेल्या माणसाची खोड मी कोरत नाही.

आता वळतो तुमच्याकडे! तुम्हाला वाटलं असेल, आमच्या घरी कुठं जांभळ्या तबकड्या. आहेत! घरोघरी आहेत. सुनेच्या भाजीत मीठ जास्त झालं, तर ते शेजारच्या आळीपर्यंत कळतं. आणि तिनं सासऱ्याचं दुखणं तीन महिने काढलं, ते बोललात का कधी तिच्या तोंडावर? घरकामाच्या मावशी एक दिवस आल्या नाहीत तर बोंब, आणि अकरा वर्षं चमचा हलला नाही घरातला, ते? गुण ठाऊक असतो हो आपल्याला! पण गप्प बसतो. का? भाव वाढेल म्हणून! सून डोक्यावर बसेल, मावशी पगार मागतील. आपण सगळे घेणारे, नाक मुरडून उभे, "आता याला कोण विचारतंय."

आणि मी? मी काय निराळा आहे? हे आमचे पेटीवाले पद्माकरराव. अठरा वर्षं साथ करताहेत. सूर दाबून धरू नका, लय ओढू नका, हे गावोगाव सांगितलं त्यांना, चारचौघांत. आणि माझा आवाज फाटतो तिथे हा माणूस हळूच स्वर भरून काढतो, तुम्हाला कळूही देत नाही, हे एकदाही बोललो नाही. बिदागी वाढवून मागतील म्हणून! पद्माकरराव, आज भर देवळात, देवासमोर सांगतो. लोक माझं कीर्तन म्हणून जे ऐकायला येतात ना, त्यातलं निम्मं तुमचं आहे. आता भाव तुम्ही सांगा.

बघा मंडळी! खाली मान घालून नुसता षड्ज धरलाय. धरू द्या. तेवढ्यात तुम्ही शेजारच्या माणसाकडे वळा, त्याचा जो गुण इतकी वर्षं दाबून ठेवलाय तो एकच त्याला सांगा, आणि मग आरतीला उठू.