दोघं असाल तरच रॅकेट

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुण्या प्राध्यापिका मॅडम, क्रीडा विभागातले माझे सोबती, आणि रोज रांग मोडून माझ्याशी भांडणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

एकतीस वर्षं मी या विद्यापीठाच्या क्रीडासाहित्याच्या खिडकीत बसलो. शाळेत पाठ केलेल्या कविता गुणगुणत रॅकेटी दिल्या. "काका, कडवं नंतर, आधी शटल द्या!" असं म्हणायचात ना? हसू नका, खरं आहे.

मॅडमनी आत्ता त्यांची पाहणी सांगितली. मुलं का खेळतात, का सोडतात: वेळापत्रक, परीक्षा, वसतिगृहापासूनचं अंतर. सगळं मान्य. पण खिडकीतून मला एवढंच दिसलं, की मुलं हाकेवर येतात. "ऊठ रे, किती लोळशील?" असं म्हणणारं कुणी असलं, की पाय मैदानाकडे वळतात. आणि ज्याला हाक मारणारंच कुणी नाही, त्यानं काय करावं?

आमच्याकडे बॅडमिंटनच्या रॅकेटी जोडीनंच मिळतात, वहीत दोघांच्या सह्या हव्यात. हा नियम माझाच. एकटी मुलं भिंतीवर खेळून रॅकेटी मोडायची, म्हणून केलेला. वीस वर्षांपूर्वी माझी मुलगी इथे शिकायला आली. पहिल्याच आठवड्यात खिडकीशी एकटी उभी.

"बाबा, एक रॅकेट द्या ना."

"इथे मी बाबा नाही. जोडीदार घेऊन ये."

मागची मुलं हसली. मीही हसलो. घरी तिच्या आईला ऐटीत सांगितलं, "पोटच्या पोरीलासुद्धा सूट नाही!"

ती पुन्हा आली नाही. मला वाटलं, अभ्यासात रमली.

गेल्या आठवड्यात या समारंभाला बोलवायला फोन केला. म्हणाली, "नको बाबा. तीन वर्षं मी डबा एकटीनं खाल्लाय तिथे. मैत्रीण मिळावी म्हणून खेळायला आले होते. तुम्ही म्हणालात, आधी मैत्रीण आण."

मी तेव्हा बरा खेळायचो हो. दुसरी रॅकेट माझ्या पाठीमागेच टांगलेली होती.

अध्यक्ष महोदय, जाता जाता एकच मागणं: तो नियम काढा. कुणी एकटं आलं, तर खिडकीतल्या माणसानं उठून बाहेर यावं.

आपण सर्वांनी जीव लावलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण पोटात घालाल. तिला मात्र तसं म्हणायची हिंमत होत नाही. उद्या तिच्या दारात जाऊन विचारणार आहे, "येतेस खेळायला?" आता तिचे गुडघे दुखतात म्हणे, आणि मला शटल दिसत नाही.