एका हाताची नखं

तुमी हसाल, पन गिटार वाजवायची तर डाव्या हातानं तारा दाबायच्या म्हणून त्याची नखं कापायची, अन् उजव्यानं छेडायच्या म्हणून त्याची वाढवायची. जवानीत मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. लग्नानंतर सुटलं ते सुटलंच. आता या वयात पुन्हा हौस आली, पन लोक हसतील म्हणून सखाराम टेलरच्या दुकानात मागं बसून गुपचूप वाजवायला लागलो.

आमच्या कारभारणीची नजर नखांवर गेलीच.

"कावून हो, एकाच हाताची नखं कापता? कुन्या बाबाच्या नादी लागले का बाईच्या?"

"न्हाई गं, उगंच."

"उगंच कोनी नखं वाढवत नसतंय."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या मागोमाग दुकानात हजर. गिटार बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"एवढंच व्हय? मंग वाजवा की."

बोटं आखडली होती, पन एक जुनं गाणं हळूहळू सापडलं. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, सुटलो.

डोळे उघडून म्हणती, "लई गोड हाय. आणायला सांगितलेलं मीठ तुमच्या ध्यानात राहत न्हाई, अन् हे इतक्या वर्सांनी बी न्हाई इसरला. खरं सांगा, कोनासाठी शिकलता?"

सखारामनं चालती मशीन थांबवली अन् तो बी माझ्याकडं बघायला लागला.