दुसऱ्या टोकाला एक माणूस

...नाही, तुम्हीच सांगा, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद राष्ट्रध्वज, भिजलेली दोरी, अडकणारी कप्पी, आणि खाली मी एकटा, तर तो जमिनीला न टेकवता उतरवायचा कसा? मला चमत्कार येत नाहीत हो! पस्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बारा मुख्याध्यापक होतो, पहाटे स्नान झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही, सगळं खरं. पण देवाने हात दोनच दिले आहेत, आणि त्यातला उजवा खांद्यात आखडलेला. दोरी सोडायला दोन हात लागतात, कापड झेलायला दोन लागतात, दोन आणि दोन चार, हे मी या गावाच्या तीन पिढ्यांना शिकवलं, आणि माझ्यावरच वेळ आली. दुसरं टोक धरायला एक माणूस पाहिजे. एक!

सकाळी होती ना माणसं! तीनशे होती! तुम्हाला सांगतो, इस्त्रीचे कपडे, छातीला बिल्ले, हातात मोबाइल. प्रमुख पाहुण्यांनी दोरी ओढली, मी बांधलेली गाठ सुटली, झेंडूच्या पाकळ्या बरोबर त्यांच्या डोक्यावर पडल्या, टाळ्या झाल्या. मग भाषणं झाली. विषय होता, ‘मला या देशाचा अभिमान का वाटतो?’ सरपंच वीस मिनिटं बोलले, त्यांना फारच अभिमान वाटतो. पाहुणे चाळीस मिनिटं बोलले, त्यांना दुप्पट वाटतो. मला म्हणाले, ‘गुरुजी, तुमी दोनच मिन्टं बोला, जिलबी गार होऊन राहिली.’ मी नमस्कार केला आणि खाली बसलो. संध्याकाळी बोलू म्हटलं. संध्याकाळी कोण असतं? कोणी नसतं!

तारीख कोणती? सतरा सप्टेंबर. साल चोवीस. तुमच्याकडे झेंडावंदन वर्षातून तीनदा होत असेल, आमच्या मराठवाड्यात चारदा होतं, आणि हे चौथं आमचं स्वतःचं. कारण देश स्वतंत्र झाला सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला, पण तो आमच्या गावापर्यंत पोहोचायला तेरा महिने लागले. तेरा महिने! आमची मुक्कामी एस.टी.सुद्धा इतका उशीर करत नाही. तोवर इथे निजामाचं राज्य. माझे वडील देवळाचे पुजारी. अठ्ठेचाळीसच्या सतरा सप्टेंबरला बातमी आली तेव्हा ते अंगणात मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी सहा महिन्यांचा, आईच्या मांडीवर. आई घाबरली, म्हणाली, अहो, झालं काय? ते म्हणाले, ‘आता आपल्याला इथून ऊठ म्हणणारा कोणी नाही.’ एवढंच. चाळीस मिनिटं नाहीत, एक वाक्य! म्हणून मी या दिवशी फार बोलत नाही, झेंड्याची गाठ तेवढी नीट बांधतो. आणि चढवला तो सूर्यास्ताला उतरवायचा, घडी घालायची, कपाटात ठेवायचा. देवाचं आवाहन केलं की विसर्जनही आपणच करायचं असतं की नाही?

आता विसर्जन म्हटलं म्हणून सांगतो... त्याच दिवशी अनंत चतुर्दशी! पंचांगाने दोन्ही एका दिवशी आणून ठेवलं, त्याला मी काय करू? घरचा गणपती मी तीन वाजताच ओढ्यात पोहोचवला, आरती एकट्याने म्हटली, घंटा एका हातात, निरांजन दुसऱ्या हातात, टाळ्या वाजवायला कोणी नाही. साडेपाचला शाळेत आलो. पंचांगातला सूर्यास्त सहा पंचवीस. मैदानात चिटपाखरू नाही. जिलबीचे कागद, एक चप्पल, आणि वर तो. दुपारच्या सरीने भिजून काठीला चिकटलेला. मान खाली घातलेल्या लेकरासारखा. दुसरं टोक धरायला एक माणूस पाहिजे. एक!

पूर्वी होता. भावसिंग. तांड्यावरचा, शाळेचा शिपाई. सत्तावीस वर्षं नोकरीत आणि पुढे अठरा वर्षं नोकरीशिवाय, दर झेंड्याला संध्याकाळी साडेपाचला दारात उभा. ‘चला गुरुजी, खाली उतरवू त्याला, दिवसभर उभा हाय बिचारा.’ आमचं बोलणं तेवढंच व्हायचं. मी दोरी सोडायचो, तो झेलायचा, दोघे मिळून घडी घालायचो. त्याचा हात कधी चुकला नाही. पंचेचाळीस वर्षांत मी त्याला एकदाही शाबास म्हटलं नाही, कर्तव्याला शाबासकी कसली? यंदा श्रावणात गेला, पंधरा ऑगस्टचा झेंडा उतरवून. मी पोहोचलो तेव्हा खाट रिकामी होती...

असो. तर मी फोन लावला आताच्या शिपायाला. विकास नाव त्याचं. पलीकडे डीजे! छातीत धडधडेल असा डीजे! ‘हॅलो, गुरुजी! आवाज येऊन नाही राहिला! आमी मिरवणुकीत हाव!’ मी म्हटलं, ‘अरे, झेंडा!’ तो म्हणाला, ‘धरला ना, माझ्याच हातात हाय, भगवा!’ ठेवला मी. हेडमास्तरांना लावला. ते हिंगोलीहून येऊन-जाऊन करतात. ‘सर, मी तर साडेअकराच्या गाडीने निघालो. ते काम ग्रामपंचायतीकडे दिलंय.’ सरपंचांना लावला. ‘काहून तकलीफ घेता, गुरुजी? उद्या सकाळी काढू की! पळून जाऊन राहिला का तो?’ मी म्हटलं, ‘सरपंच, तो पळून जात नाही, माणसं पळून जातात.’ त्यांना वाटलं मी विनोद केला. मोठ्याने हसले हो! आमच्या गावाचं नाव मी तुम्हाला सांगत नाही, जवळा बाजारच्या अलीकडे आहे एवढं पुरे, नाहीतर ते पुन्हा हसतील.

सहा वाजले. तेवढ्यात फोन वाजला, मला वाटलं कोणाला तरी लाज वाटली. मुलगा होता, स्वानंद. कॅनडात असतो, तिकडे नुकतं उजाडलेलं. ‘बाबा, काय करताय?’ सांगितलं. म्हणाला, ‘एवढंच ना? इथे तासावर माणूस मिळतो. तिथेही मिळेल, मी इथून बुक करू का?’ ऐका! राष्ट्रध्वज उतरवायला कॅनडातून माणूस बुक करणार! मग हळूच विचारलं, दर फोनला विचारतो, ‘बाबा, आई गेल्याला सहा वर्षं झाली. तुमचं तिथे काय अडकलंय? या ना इकडे कायमचे.’ मी म्हटलं, ‘कप्पी अडकते, नंतर बोलू.’ काय सांगू त्याला? मुलगा चांगला आहे. त्याचं घर मोठं, उबदार. दोन महिने राहून आलो. कोणी मला ऊठ म्हणालं नाही. पण बस असंही म्हणायला कोणी नव्हतं, सगळे कामाला. इथेही कोणी बस म्हणत नाही, हे कबूल! पण इथे निदान सूर्यास्ताला माझं काम असतं. तिथे माझ्या हातात कोणतं टोक आहे? इथे एक आहे. फक्त दुसरं टोक धरायला एक माणूस पाहिजे. एक!

सहा वाजून दहा मिनिटं. मी दोरी हातात घेतली, देवाचं नाव घेतलं, म्हटलं, एकट्याने करू. निम्मा खाली आला आणि दोरी कप्पीत अडकली. ना वर, ना खाली. अर्ध्यावर! आता अर्ध्यावर अडकलेला झेंडा म्हणजे कोणीतरी मोठा माणूस गेल्याची खूण, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने खरंच गाडी थांबवून विचारलं, ‘कोन गेलं, काका?’ मी म्हटलं, ‘अजून नाही, पण वाट पाहतोय!’ म्हणालो, ‘बाबा रे, जरा आत ये.’ तो म्हणाला, ‘डीजे सुटंल ना,’ आणि गेला!

आणि कुंपणापाशी पारुबाई उभी. भावसिंगची बायको. शेळ्या घेऊन तांड्याकडे निघालेली. म्हणाली, ‘गुरुजी, आटकला व्हय? दोरी सोडा थोडी वर, मंग झटका द्या. आमचे मालक तसंच करायचे.’ केलं. सुटला! मी म्हटलं, ‘पारुबाई, धराल का?’ तर जागची हलेना. म्हणे, ‘आत येऊ का?’ अहो, शाळेच्या मैदानात यायला परवानगी! ‘हात शेळीचे हायत.’ हापशावर धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. सूर्याला सहा मिनिटं उरली होती आणि बाई हात धुतेय!

आली. मी दोरी सोडली, तिने झेलला. एक धागा जमिनीला टेकला नाही. मी सूचना द्यायला तोंड उघडलं, ‘पारुबाई, आता नीट ऐका...’ तर तीच म्हणाली, ‘तुमी तिकून धरा, मी इकून. केशरी आन् हिरवं आत, पांढरं वर. चाक दिसलं पाहिजे. तान द्या गुरुजी, ढिल्लं सोडून राहिले तुमी!’ मला! मला ओरडली! मी थक्क. विचारलं, ‘तुम्हाला हे शिकवलं कोणी?’

म्हणाली, ‘झेंड्याच्या आदल्या दिशी मालक घरी चादर घ्यायचे. एक टोक त्येंच्याकडं, एक माझ्याकडं. धा-धा येळा घडी घालायला लावायचे. गुरुजींम्होरं चुकलं न्हाई पाहिजे म्हनायचे. चादर भुईला टेकली का बोलायचे मला.’

पंचेचाळीस वर्षं! आणि मी समजत होतो, त्याचा हात उपजतच सरळ आहे.

मी विचारलं, ‘मग सकाळी कधी का आला नाहीत?’ ती हसली. ‘कुंपनापाशी असतेच की दरसाली. आत कुनी बलावलं न्हाई.’ रागाने नाही हो, पाऊस पडला न्हाई म्हणावं तसं म्हणाली. मग घडीवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, ‘आमचे आजे बैलं घेऊन हिंडायचे. रात झाली तिथं गाव. सकाळी कोनीबी उठवायचं, निघा म्हनायचं. मालक म्हनायचे, पारू, ह्याच्या सावलीत आपला तांडा बसला, आता कोन उठवतंय?’

तुम्हाला सांगतो, माझ्या वडिलांचं वाक्य मी शहात्तर वर्षं माझ्याच घरचं म्हणून जपलं होतं. ते तांड्यावरही होतं. मला विचारायची बुद्धी झाली नाही. मुख्याध्यापक होतो ना!

सहा पंचवीसला घडी माझ्या तळहातांवर होती. आणि फोन वाजला. सरपंच! ‘गुरुजी, मी विचारलं तालुक्याला. बावीस सालापासून नियम बदलला हाय. दिवसरात्र ठेवला तरी चालतंय! उगीच तकलीफ घेतली तुमी.’ मी म्हटलं, ‘नियम बदलला असेल, सरपंच. सूर्य मावळला आहे.’

पारुबाईने ऐकलं. शांतपणे विचारलं, ‘मंग काय, परत चढवायचा?’

मी हसलो. फार दिवसांनी. ती शेळ्यांमागे निघाली. मी म्हटलं, ‘पारुबाई, शाबास.’ वळून म्हणाली, ‘मला काहून? मालकाला म्हना,’ आणि गेली. येत्या सव्वीस जानेवारीला सकाळी मी तिला मैदानात पहिल्या रांगेत बसवणार आहे. सरपंचांचं भाषण ऐकावं लागेल, पण त्याला माझा इलाज नाही.

झेंडा कपाटात ठेवला, कुलूप लावलं, घरी आलो. देवापुढे दिवा लावला. ओसरीतल्या दोरीवर सकाळी वाळत घातलेली चादर अजून तशीच. काढली. एक टोक हातात घेतलं, दुसरं हनुवटीखाली धरलं, ते सुटलं... भिंतीला टेकवून पाहिलं, घसरलं. हिला काही नियम नाही म्हटलं, पाहणारंही कोणी नाही. बोळा केला, उशाशी ठेवला.