डिक्कीतल्या चाकाला ताप

"हॅलो?… हॅलो, भावजी?… जरा मोठ्यानं बोला, इथं भोंगा चालू हाय… हाव, आता आला आवाज. कुठं हायत?… लोह्याच्या पुढं? अवो, मघा फोन केला तवाबी लोह्याच्या पुढंच होतात की! गाडी चालवायलात का ढकलायलात?"

जगदेवीनं पदर कानावर ओढून फोन त्याच्या आत धरला आणि मंडपाकडं पाठ केली. शिवनाम सप्ताहाचा आज शेवटचा दिवस. प्रसादाच्या कीर्तनाला पार रेणापूरपासून माणसं येऊन बसलेली, आणि ज्यांचं कीर्तन ते शरणप्पा महाराज अजून नांदेडहून इकडं येणाऱ्या वाटेवर. त्यांना आणायला गेलेला तिचा दीर दयानंद.

"काय? थांबलात? कशाला थांबलात?… काय वाजायलंय?… ते होय! ते चाकाच्या हवेचं टोपण! अगं बाई, मला वाटलं गाडीला काय झालं."

दयानंदानं गेल्या महिन्यात लातूरहून गाडीला सेन्सर बसवून आणले होते. चाकात हवा भरतात तिथं फिरवून लावायचं काळं टोपण. आतली हवा कमी झाली, की समोरच्या छोट्या पडद्यावर ते चाक लाल होतं आणि टीं टीं वाजत राहतं. इथवर ठीक होतं. पण या बाबानं एक जास्तीचा, पाचवा, स्टेपनीलाही लावला. त्या दिवसापासून जगदेवीला चेष्टेला दुसरा विषय लागला नव्हता.

"कोणतं चाक म्हणालात?… स्टेपनी?… थांबा, थांबा, मला हसू द्या आधी. भावजी, स्टेपनी कुठं असती? डिक्कीत. अन् डिक्कीत निजलेल्या चाकाला ताप आला म्हणून तुम्ही रस्त्याच्या कडंला गाडी लावून बसलात? देवमाणसाला उन्हात ठिवून?… एसी चालू हाय म्हणं! एसीचं मला नका सांगू."

मंडपात गावातल्याच मलप्पानं माइक धरला होता. महाराज येईपर्यंत एखादं पद म्हणतो म्हणाला, ते आता चौथं चाललं होतं, आणि प्रत्येक पदाला बायकांच्या बाजूच्या दोन-तीन जणी पाणी प्यायला म्हणून उठत होत्या.

"मग बघा की डिक्की उघडून… का न्हाई?… हाव, पत्रावळ्याचे गठ्ठे मीच आणायला सांगितले. म्हणून काय झालं?… त्याच्यावर महाराजांची पेटी, मृदंग?… मग नका हात लावू! एवढं सगळं रस्त्यावर काढून त्या निजलेल्या चाकाची नाडी बघणार का? बाकीची चार कशी दिसतेत?… हिरवी? चारीबी? मग झालं की! गाडी चारवर चालती का पाचवर? हाणा!"

तिला हसू येत होतं, पण मान वळवून ती उठणाऱ्या बायकाही मोजत होती. लहानपणी माहेरी, देगलूरकडं, तिनं या महाराजांचं कीर्तन ऐकलं होतं. तेव्हापासून तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. यंदा गावातल्या पोरांना लायटिंगवाला कीर्तनकार हवा होता. जगदेवी सगळ्यांशी भांडली. म्हणाली, वीणा अन् विभूती, एवढंच पाहिजे. आता मंडप उठून गेला असता, तर वर्षभर येता-जाता तिला ऐकावं लागलं असतं.

"निघालात का?… हाव, हाव, आता पळवा… पुन्हा वाजायलंय? वाजू द्या की, त्याला काय झालं! बंद करायचं बटण न्हाई का? एवढं नवलाचं यंत्र अन् गप्प बसायचं बटण न्हाई!… काय?… गाडी डावीकडं वढायली? अवो, रस्ताच तसा हाय तिथला. मी बसले होते मागं, मला काय ठाव न्हाई का?… मागून लटलट करायली? पत्रावळ्याचे गठ्ठे हालत असतील. भावजी, तुम्हाला सांगू का, त्या पडद्याकडं बघून बघून तुमच्या डोक्यातच टीं टीं चालू झालंय. पूर्वी तुमचे भाऊ चाकाला एक लाथ मारायचे, कळायचं हवा हाय का न्हाई. त्यांनी कधी लातूर गाठलं का लाथ मारायचं यंत्र आणायला?"

पलीकडं दयानंद काहीतरी नेटानं सांगत होता. ती ऐकत नव्हती. मलप्पानं पाचवं पद उचललं होतं.

"ऐका माझं. कुठं आलात?… माळाकोळी? मग अहमदपूर आलंच की. तिथंबी थांबू नका. अन् कशाला भ्यायलात? काल निघताना गाडीची पूजा मी माझ्या हातानं केलीय. तुम्ही आत जेवत होतात तवा. एकेका चाकाला पाणी लावून, तीन बोटं विभूती वढून… हाव, स्टेपनीलाबी! चाराला लावायची अन् पाचव्याला उपाशी ठिवायचं, असं चालतं का आपल्यात?… तेबी केलं. तुमची ती टोपणं काढली, लई चिखल होता त्यांच्यावर. पाचीबी धुतली, ताटात दिव्याभोवती मांडली, बेलाचं पान वाहिलं, अन् पुन्हा जिथल्या तिथं… जिथल्या तिथं म्हंजे… बसवली की. पाच टोपणं, पाच चाकं. हाताला आलं तसं…

नंबर?… कसला नंबर? टोपणाला कुठं नंबर असतो?… आतल्या बाजूनं? अन् पडदा त्या नंबरावरनंच चाक दाखवतो?…"

जगदेवीला ते ताट दिसलं. मध्ये दिवा, भोवती पाच काळी टोपणं, पाचही विभूतीनं पांढरी, पाचही सारखी. तिनंच ताट ओवाळताना एकदा फिरवलं होतं. दोनदा फिरवलं होतं.

"म्हंजे पाच नंबरचं टोपण… स्टेपनीवर नसंल तर… तर मग ते जे लाल दिसायलंय…

थांब! दया, थांब रे! गाडी थांबव!… कडंला घे! सावकाश दाब रे बाबा, एकदम नको! महाराज हायत आत!… दया? हॅलो?… दया, बोल की रे!"

मंडपाचा खांब तिनं घट्ट धरला. लग्न होऊन आली तेव्हा दया शाळेत जात होता. शिकून गाडी घेतली, तसं तिनं त्याला अहो-जाहो सुरू केलं होतं. ते सगळं या घटकेला गळून पडलं होतं. फोनमध्ये नुसता वारा, दार उघडल्याचा आवाज, आणि मग एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

"हाव… हाव, मी हाय, मी कुठं जाते… थांबली? नीट थांबली?… महाराज?… उतरले? सावलीत बसव आधी. पाणी दे… कोणतं चाक?… डावं मागचं. पार बसलंय?… खिळा?… अन् हात लावला तर चटका? अगं आई गं… अजून थोडं गेलं असतं तर… नको, नको सांगू. शिवा, शिवा.

अन् आता?… स्टेपनी काढली? तिच्यात हवा?… ठणठणीत?… हाव, तुम्ही दर आठवड्याला बघता म्हणूनच. हाव… म्हणलं की! टोपण होतं म्हणून वाजलं. म्हणलं ना एकदा, आता काय भोंग्यावरून सांगू?… लई शाने हायत तुम्ही, बस… मी रडत न्हाई. धूर हाय इथं चुलीचा.

कोण?… कोण बोलायलंय?…"

जगदेवीनं पदर सावरला. फोनला दिसणार नव्हतं, तरी सावरला.

"शरणार्थ महाराज, शरणार्थ!… माफी असावी, माझ्यामुळं तुम्हाला… तुम्ही कसं ऐकलं?… फोन तुमच्या हातात होता? भावजी गाडी चालवत होते म्हणून तुम्ही धरला होता?… पहिल्यापासून?… निजलेल्या चाकाची नाडी… तेबी ऐकलं?… अन् हाणा, पळवा, थांबू नका म्हणलेलं?… हाव, तीन येळा म्हणले. आता तुम्ही मोजलंच हाय तर.

काय म्हणता?… आजच्या कीर्तनात? दृष्टांत?… महाराज, तुमच्या पाया पडते. दुसरं काय कमी हाय का दृष्टांताला?… बरं, सांगा. तुमच्या तोंडून शिव्या बी गोड लागतील. नाव तेवढं घेऊ नका… 'एक बाई' म्हणा. या गावची बी म्हणू नका… हाव, भावजी हसायलेत, ऐकू येतंय मला.

समोर?… जागा धरून ठिवली होती पहिल्या रांगेत, सकाळीच घोंगडी टाकली होती. पण आज मी मागं बसते, महाराज. पार मागं, चपलांपाशी… डिक्कीत.

द्या भावजींकडं… भावजी, नट नीट आवळा. अन् ते टोपण ज्याचं त्याला लावा, मी पुन्हा हात लावणार न्हाई… लावीन, पण तुम्हाला इचारून… न्हाई, घाई न्हाई. कोण म्हणलं घाई हाय? माणसं कुठं जात न्हाईत, मलप्पा गायलेत की, लई ब्येस गायलेत… सावकाश या. ठेवते."

तिनं फोन कमरेला खोचला, मंडपात गेली आणि पाणी प्यायला निघालेल्या दोघींना हाताला धरून पुन्हा खाली बसवलं.

"मलप्पा," ती म्हणाली, "अजून एक घ्या."