भाड्याच्या घराला गोत्र

माझा जन्म हुबळीचाच, कमरीपेठेतला. आमचे घराणे बौद्ध, घरात बोलणे मराठी, बाजारात कन्नड. अप्पा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करीत, आणि मी संस्कृत शिकावे हा त्यांचाच हट्ट. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. तेच पुढे अडतीस वर्षे शाळेत शिकवले. पाली नंतर शिकलो, वंदनेसाठी. काय सांगू तुम्हाला, दोन्ही भाषांना मी सारखाच नमस्कार करीत आलो, त्यात कधी अडचण वाटली नाही.

अडचण आली ती शांताच्या गुडघ्यांमुळे. शांता म्हणजे माझी पत्नी. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, भाड्याने, आणि तिला जिना आडवे पाऊल टाकीत उतरावा लागतो, म्हणून तळमजल्याचे घर शोधू लागलो. धारवाडात सुभाष रोडच्या मागे एक मिळाले. मालक निवृत्त अधिकारी, सगळे त्यांना रायरु, म्हणजे रावसाहेब, म्हणत. पहिल्याच भेटीत त्यांना एक श्लोक अर्धाच आठवत होता, तो मी पुरा केला, आणि ते म्हणाले, मेष्टरे, म्हणजे मास्तर, तुम्ही आमच्यातलेच, तुम्हाला काय विचारायचं. मी हसलो. नुसता हसलो, आणि ते हसणे मला अजून सोडीत नाही.

आमच्या भागात नव्या घरात, भाड्याचे असले तरी, आधी दूध उतू घालवतात. रायरुंच्या पत्नीने, त्यांना आम्ही अक्का म्हणत होतो, स्वतः पातेले ठेवले. रायरु पळी-पंचपात्र घेऊन बसले, संकल्प मीच सांगतो म्हणाले, आणि त्यांनी माझे गोत्र विचारले. हा शब्द मी मुलांना कितीदा समजावून दिला असेल, पण स्वतःसाठी कधी लागला नव्हता. मी म्हणालो, आम्ही बौद्ध, आम्हाला गोत्र नाही. दूध वर येत होते, काठापर्यंत आले, आणि अक्कांनी हात लांब करून गॅस बंद केला. राग नव्हता हो त्यांच्या चेहऱ्यावर. मग रायरु म्हणाले, मुलगा बेंगळूरुहून परत येतोय, घर त्याला लागेल, तप्पु तिळ्कोबेडि, म्हणजे गैर मानू नका. तोवर त्या मुलाचे नावही कधी निघाले नव्हते.

बसमध्ये शांता म्हणाली, एवढं संस्कृत शिकलात, एक गोत्र तेवढं शिकायचं राहिलं की हो.

कोप्पीकर रोडवर माझी एक जुनी विद्यार्थिनी वकिली करते, तिला सारे सांगितले. ती म्हणाली, सर, जातीवरून घर नाकारलं तर कायद्यानं तक्रार देता येते, पण ते जातीचं नाव घेणार नाहीत, मुलाचं घेतील, आणि साक्षीला कोण, अक्का की पातेलं? मी म्हणालो, पण मी हसलो होतो, ते असत्य झाले नाही का, रोज सकाळी खोटे न बोलण्याचे शील घेतो मी. ती म्हणाली, सर, तुम्ही घर मागायला गेला होता, सोयरीक मागायला नव्हे, त्यांनी विचारणंच चूक. हे मला पटले, आणि घरी येईपर्यंत पटेनासे झाले.

त्यानंतर दोन घरे पाहिली, तिथे दारातच सांगून टाकले, आम्ही बौद्ध. एकाने पाणी दिले आणि घर सकाळीच गेले म्हणाला. दुसऱ्याने मांसाहार विचारला, करीत नाही म्हटले, तरी कळवतो म्हणाला, कळवले नाही. वकीलबाई रागावल्या, सांगत का फिरता. शांता म्हणते, सांगा, निदान दूध तरी वाया जात नाही. दोघींचेही खरे वाटते, मग मी काय करावे?

रायरुंविरुद्धच्या तक्रारीवर काल सही केली. योग्य केले की नाही, माहीत नाही. रायरुंविषयी मनात वैर नाही, असे मी समजतो. वंदनेत सर्व प्राणिमात्रांचे कल्याण चिंतितो, त्यात तेही येतात, अक्काही येतात. तो मुलगा खरोखर येणार असेल तर त्या घरात त्याला सुख लाभो. येणार नसेल, तर त्या रिकाम्या खोल्यांसाठी काय मागावे, ते मला अजून उमगत नाही.